अठ्ठ्याण्णव टक्के यंत्र

१

रईसा इनामदार यांच्यासमोर टेबलावरून एक कागद सरकवण्यात आला. एका मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा त्यावर एका आकड्यात निकाल लावलेला होता. ९८. आकड्याखाली एक ओळ : 'सदर प्रोग्रॅम मानवाऐवजी यंत्राने लिहिला असण्याची शक्यता.' सही कुणाचीच नव्हती.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा.

"बाकीचं कुठंय?"

"बाकीचं म्हणजे?" विभागप्रमुख प्रा. संगमेश बिरादार गोड हसले.

"पोरीनं लिहिलेला प्रोग्रॅम. तुम्ही वाचला असेल ना?"

"वाचायची गरजच पडली नाही, मॅडम. सॉफ्टवेअरनं वाचलाय."

रईसा मॅडमनी उठून खिडकी उघडली. सकाळच्या एसटीत नांदेडहून लातूरला येताना चार तास हाडं खिळखिळी झाली होती, त्याचं काही नव्हतं. बिरादारांच्या खोलीत गुलाबाच्या वासाचा फवारा इतका मारलेला होता की जीभही गुलाबी झाल्यासारखी वाटत होती. ज्या खोलीत एवढा सुगंध मारावा लागतो तिथं काहीतरी कुजलेलं असतं, असा त्यांचा जुना अनुभव होता.

नांदेडला चौतीस वर्षं त्यांनी संगणक शिकवला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तरी असं काही भानगडीचं आलं की विद्यापीठ त्यांनाच बाहेरची परीक्षक म्हणून धाडायचं, कारण बाई कुणाचा चहा घेत नाहीत आणि प्रत्येक ओळ वाचतात अशी त्यांची बदनामी होती.

प्रकरण सरळ दिसत होतं. शेवटच्या वर्षाची चौदा मुलं. सगळ्यांना एकच विषय : लातूरच्या कुठल्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार ते सांगणारा प्रोग्रॅम. ज्याचा पहिला नंबर त्याला हैदराबादच्या कंपनीत नोकरी. प्रोग्रॅम माणसानं लिहिला की यंत्राकडून लिहून घेतला हे ओळखणारं सॉफ्टवेअर कॉलेजनं आणलं होतं. तेरा जण दहा टक्क्यांच्या आत. एकटी ऋतुजा, शिरूर अनंतपाळकडची, अठ्ठ्याण्णव. गुन्हा शाबीत झाला तर पदवी तीन वर्षं रोखणार, आणि गुणपत्रिकेवर 'नक्कल' असा शिक्का.

बिरादारांनी चौदा अहवालांचा गठ्ठा दिला. रईसा मॅडमनी सवयीनं वरचे क्रमांक पाहिले. पहिल्या कागदावर क्रमांक दोन होता, शेवटच्यावर पंधरा. त्यांनी वहीत तेवढं टिपलं आणि म्हणाल्या, "आता मला तो प्रोग्रॅम दाखवा."

अर्धा तास त्या स्क्रीनसमोर बसल्या. मग चष्मा काढून डोळे चोळले. मनातून त्यांना वाटत होतं की सॉफ्टवेअर चुकलेलं निघावं, पोरगी सुटावी.

सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. हा प्रोग्रॅम यंत्रानंच लिहिला होता.

२

ऋतुजा आली ती दारातच थांबली. उजव्या हाताच्या बोटांना शाईचे डाग.

"बस बेटा. खरं बोललीस तर लवकर उरकेल. यंत्राकडून लिहून घेतलास?"

"न्हाई मॅडम. मी सोताच्या हातानं लिहिलेय."

रईसा मॅडमना तिचीही शिसारी आली. असं डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलणारी पोरं त्यांनी या वर्षात नऊ पाहिली होती. त्यांनी स्क्रीन तिच्याकडं वळवली. "हे बघ. गुळगुळीत. प्रत्येक तुकड्यावर तोच गोडवा, तीच टापटीप. जे कधी घडणार नाही त्याचाही बंदोबस्त केलाय, आणि गल्ल्यांची नावं काय? क्षेत्र अ, क्षेत्र ब! लातुरात कोण राहतं गं क्षेत्र ब मध्ये?"

पोरगी वाचत राहिली. पाच मिनिटं, सात मिनिटं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला.

"मॅडम, हा माझा न्हाईच."

"असं सगळेच म्हणतात."

"खरंच न्हाई. मला कुणी दाखवलाच न्हाई. सर निस्ता आकडा दाखवले, आणि म्हणले सही कर."

रईसा मॅडमची लेखणी थांबली. तीन आठवडे चौकशीची भाषा चालू होती, आणि आरोपीला आरोप कशावर आहे ते एकदाही दाखवलं नव्हतं! त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"तुझा कसा होता?"

"आमच्याकडं लाईटीचा भरोसा न्हाई, आणि लॅपटॉप बी न्हाई. मी पैल्यापासून वहीत लिहिते. खोडते, पुन्हा लिहिते. सगळं वहीत जमलं की लॅबमध्ये येऊन एकदाच टाइप करते. गुरुवारी टाइप केलं. शुक्रवारी येळवस होती, शनिवारी शेवटची तारीख. म्हणून गुरुवारीच वही बी जमा केली."

"तुझ्याकडं दुसरी प्रत?"

"लॅबमधून काही बाहेर न्यायचं न्हाई, सरांचा नियम हाय." तिनं पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं. "आणि मॅडम, ह्यात येळवसेला बी पाणी सोडलंय. असं कोण लिहील?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतातल्या पूजेचा सण, एवढं रईसा मॅडमना ठाऊक होतं. त्या दिवशी लातूर बंद असतं असं ऐकलं होतं. नांदेडात तिचं एवढं प्रस्थ नाही. त्यांनी तो मुद्दा बाजूला ठेवला आणि बिरादारांकडं वहीची मागणी केली. विभागाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाची कच्ची वही कपाटात होती.

कपाट उघडलं. वह्या मोजल्या. तेरा भरल्या.

३

"दिलीच नसेल तिनं," बिरादार म्हणाले. "जे लिहिलंच नाही त्याची वही कुठून येणार?"

वरवर हेही पटण्यासारखं होतं. पण पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि पाण्याचा माग काढायचा तर उगमापासून काढायला हवा. रईसा मॅडमनी ऋतुजाच्या खात्यातली फाईल शेवटची कधी बदलली गेली ते पाहिलं. शुक्रवार, येळवस, सकाळी अकरा चाळीस.

गुरुवार नव्हे.

"लॅबच्या किल्ल्या किती जणांकडं असतात?"

"तीन. माझ्याकडं, शिपाई भामाबाईकडं, आणि रूपालीकडं. ती मुलांची प्रतिनिधी आहे, ऋतुजाची रूममेट. तिचा तिसरा नंबर आलाय," बिरादारांनी शेवटचं वाक्य उगाच लांबवलं. "ऋतुजाचा पासवर्डही तिला माहीत असतो, म्हणे."

"आणि तुम्हाला?"

"विभागप्रमुख म्हणून सगळ्यांचेच असतात. पण मी त्या दिवशी लातुरात नव्हतोच, मॅडम. निलंग्याकडं आमची शेती आहे. सकाळी सातला गेलो, अंधार पडल्यावर परत आलो. येळवसेला आख्खं गाव शेतात असतं. कुत्रंसुद्धा रस्त्यावर सापडत नाही."

रूपाली रडतच आली. तिला वाटत होतं की पासवर्ड माहीत असणं हाच गुन्हा. "मॅडम, मी उदगीरची. घरी सुतक होतं, म्हणून ऋतुजानं तिच्या शेतात नेलं. सकाळच्या पैल्या एसटीनं गेलो दोघी. संध्याकाळी तिच्या आईनं सोडलंच नाही, मुक्काम केला. किल्ली माझ्या पिशवीत होती. तिच्या घरच्या चाळीस माणसांना विचारा."

भामाबाईनं तर पदराची गाठच सोडून दाखवली. "ही बगा किल्ली. झोपताना बी हितंच असती. येळवसेला मी भावाच्या शेतात, औशाला. दुसऱ्या दिशी आले. कुलूप जसंच्या तसं व्हतं, तोडलं बिडलं न्हाई."

"साफसफाईत एखादी वही सापडली?"

"कागदाचा एक बोळा बी न्हाई सापडला. आणि सायेबांच्या खोलीत गेलं की मला शिंका येत्यात, त्या फवाऱ्यानं. परवा म्हणले, वास मारतोय म्हणून मारतो. म्हणलं सायेब, मी रोज पुसते, वास कशाचा?"

रईसा मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मग पुन्हा लॅबमध्ये गेल्या. कोणी आत आलं होतं हे नक्की. पण फक्त ऋतुजाची फाईल बदलून त्याला काय मिळालं? आणि तिची खरी फाईल गेली कुठं? त्यांनी बाकीच्या तेरा जणांच्या वेळा एकेक करून पाहिल्या. बारा फायली गुरुवारच्या किंवा शनिवारच्या होत्या.

तेरावी शुक्रवारची होती. अकरा बेचाळीस. खातं सुदर्शनचं, ज्याचा पहिला नंबर आला होता त्याचं.

४

सुदर्शनचा प्रोग्रॅम उघडला आणि रईसा मॅडमना दिवसभरात प्रथमच बरं वाटलं. हा वाचावासा वाटत होता. एका ठिकाणी एक युक्ती करून पाहिली होती, फसली होती, आणि तशीच बाजूला ठेवून खाली नवी मांडली होती. गल्ल्यांची नावं माणसं घेतात तशी : पिठाच्या गिरणीची गल्ली, जुन्या चिंचेची, दर्ग्यामागची. एके ठिकाणी नियम होता की पाणी सोडल्यावर पहिली वीस मिनिटं धरायची नाहीत. दुसऱ्या ठिकाणी आणखी एक : येळवसेला पाणी नाही, सगळ्या पाळ्या एक दिवस पुढं.

सॉफ्टवेअर म्हणत होतं, यंत्राचा अंश तीन टक्के. तेही खरं होतं. हे माणसानंच लिहिलं होतं.

सुदर्शन आला, पाय पसरून बसला. भोकरचा, उंचापुरा. संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा, हे त्यानं पहिल्या दोन वाक्यांतच कानावर घातलं.

"छान लिहिलंस. ही वीस मिनिटं कशाला सोडलीस?"

"ते... सेफ्टीसाठी, मॅडम."

"कुणाच्या?"

"सिस्टिमच्या."

"आणि येळवसेला पाणी का नाही?"

"त्या दिवसाचा डेटा मिळाला नसेल." त्यानं घड्याळ पाहिलं. "मॅडम, मी हैदराबादची तयारी करून राहिलो, जरा लवकर झालं तर बरं."

त्याची कच्ची वही रईसा मॅडमच्या हातात होती. तीत अडीच पानं भरलेली होती, त्यातलं अर्धं पान क्रिकेटच्या धावसंख्येचं. यावर बिरादारांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हुशार मुलं डायरेक्ट टाइप करतात.

"येळवसेला तू कुठं होतास? घरी?"

"होस्टेलवरच. आमच्या भोकरकडं नसते ती. इथं तर मेस बंद, हॉटेलं बंद, बिस्किटाचा पुडा बी मिळेना. सरांनी डबा आणून दिला म्हणून वाचलो. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. अजून गरम होतं बघा."

"कोणते सर?"

"बिरादार सर. आपुलकीचे आहेत."

"किती वाजता?"

"बारा, साडेबारा असतील."

रईसा मॅडमनी टिपून घेतलं आणि त्याला जायला सांगितलं. बारा वाजता निलंग्याच्या शेतातला माणूस लातूरच्या होस्टेलवर कसा? पण शेतातून मधेच चक्कर मारली असेल, अध्यक्षांच्या भाच्यासाठी माणूस काय करणार नाही! येळवसेचं आपल्याला काय कळतंय? ज्याला कळतं त्याला विचारावं, म्हणून त्या रिक्षा करून थेट पाण्याच्या टाकीवर गेल्या.

५

पाणी सोडणारा रामलिंग टाकीच्या सावलीत व्हॉल्व्हच्या भल्यामोठ्या चावीला तेल देत बसला होता. त्यानं चावी बाजूला ठेवून मॅडमना बसायला पोतं अंथरलं.

"कॉलेजची पोरं आलती का तुमच्याकडं?"

"पोरं कशाची? एकच पोरगी आली. शिरूर अनंतपाळची. दोन म्हैने, दर पाळीला, उनातानात. वही घिऊन माज्यासंगं गल्लीगल्ली फिरली. बाकीचे एक फोन बी केले न्हाईत."

"तिला तुम्ही वीस मिनिटांचं काही सांगितलं होतं?"

"हाव. पैलं पाणी पिवळं येतंय, गढूळ. लई घाण वास. कोण भरत न्हाई, समदे सोडून देत्यात. ती घागर धरून उभी ऱ्हायली आन् घड्याळ लावून मोजली. म्हणली, मामा, वीस मिनटं."

"आणि येळवसेला पाणी?"

रामलिंगनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू त्यांनी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. "येळवसेला कोण भरणार पाणी? घरी कोण असतंय? मी बी शेतात असतोय. पाळी दुसऱ्या दिशी."

"समजा, एखादा माणूस सकाळी शेतात गेला. दुपारी बाराला लातुरात कुणाला जेवणाचा डबा देऊन परत शेतात. असं चालतं?"

"कसं चालंल?" रामलिंगला हसू आलं. "बाया पहाटंच रांधत्यात, पाट्या डोक्यावर घिऊन शेतात जात्यात. कडब्याच्या कोपीत पांडवाची पूजा व्हती, निवद व्हतो, मग पंगत. बाराच्या आत कुणाच्या तोंडात घास बी पडत न्हाई. बाराला लातुरात डबा आला म्हणजे तो शेतातून आलेलाच न्हाई. घरातनं, निवदाच्या आधीच भरून आणलेला. मॅडम, असं कुणी करत न्हाई. लाज असती मानसाला."

रईसा मॅडम उठल्या. लाज शब्दाशी त्यांची गाठ सकाळपासून प्रथमच पडत होती. समोर टाकीच्या नळातून पिवळं पाणी गटारात चाललं होतं. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. बिरादारांच्या खोलीपेक्षा हा वास त्यांना प्रामाणिक वाटला.

६

प्राचार्य महादेवप्पा यांच्या दालनात सगळे बसले. बिरादार, सुदर्शन, रूपाली, दाराशी भामाबाई, आणि भिंतीला टेकून ऋतुजा. प्राचार्य मऊ माणूस होते, कुठल्याही बाजूला दाबलं तरी दबणारे.

"सॉफ्टवेअर खोटं बोललं नाही," रईसा मॅडमनी सुरुवात केली. बिरादारांनी समाधानानं मान हलवली. "दोन्ही वेळा खरं बोललं. एक प्रोग्रॅम यंत्राचा, एक माणसाचा. फक्त यंत्राला एवढंच विचारलं गेलं की माणूस की यंत्र. कोणता माणूस, हे विचारायला माणूस लागतो, आणि या इमारतीत ती तसदी कुणी घेतली नाही."

"म्हणजे?" प्राचार्य.

"नावं बदललीत, साहेब. ऋतुजाचा प्रोग्रॅम सुदर्शनच्या खात्यात गेला. सुदर्शनच्या नावानं यंत्राकडून करून घेतलेला ऋतुजाच्या खात्यात आला. येळवसेला, दोन मिनिटांच्या अंतरानं."

"संगणकाची घड्याळं पुढंमागं असतात," बिरादार म्हणाले.

"असतात. म्हणून दुसरीकडून बघू. विद्यार्थी चौदा, अहवालांचे क्रमांक दोन ते पंधरा. साहेब, त्या सॉफ्टवेअरचं खातं कॉलेजच्या, म्हणजे तुमच्या नावावर आहे. क्रमांक एकची तपासणी कधीची, ते उघडून वाचता?"

प्राचार्यांनी चाचपडत उघडलं. वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. "शुक्रवार... सकाळी सव्वाअकरा. नाव सुदर्शन. अठ्ठ्याण्णव टक्के."

सुदर्शननं पसरलेले पाय आत ओढले.

"शनिवारपासूनचे अहवाल आपोआप विद्यापीठाला जाणार होते. म्हणून कुणीतरी आदल्या दिवशी चाचणी घेऊन पाहिली आणि त्याचं धाबं दणाणलं. मग अकरा चाळीसला अदलाबदल. कुलूप तोडलेलं नाही, म्हणजे किल्लीवाला. रूपालीची किल्ली चाळीस माणसांत शिरूर अनंतपाळला होती. भामाबाईची औशाला."

"माझी निलंग्याला होती!" बिरादार उसळले. "आणि त्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड लॅबच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. हा सुदर्शन होस्टेलवर एकटाच होता, त्याला विचारा!"

चोराच्या उलट्या बोंबा असतात हे रईसा मॅडमना माहीत होतं, पण आपल्याच साथीदाराच्या नावानं इतक्या चटकन मारलेली बोंब त्यांनी प्रथमच ऐकली. सुदर्शनचं तोंड उघडंच राहिलं.

"मी? सर, तुम्हीच तर डबा देताना म्हणले, काळजी करू नको, तुझं काम आत्ताच लॅबमध्ये उरकून आलो म्हणून!"

"कुठला डबा?" बिरादार किंचाळले.

"भज्जीचा," रईसा मॅडम म्हणाल्या. "बारा वाजता, गरम. भोकरच्या पोराला कळलं नाही की येळवसेला त्या वेळी लातुरात डबा येऊच शकत नाही, म्हणून त्यानं कौतुकानं सांगितलं. तुम्ही नैवेद्याच्या आधी घरातून तो भरलात, बिरादार. निलंग्याला तुम्ही गेलात, पण दुपारनंतर."

दाराशी भामाबाईनं कपाळाला हात लावला. "निवदाच्या आदी!" बाकी सगळ्या गुन्ह्यांपेक्षा तिला तो मोठा वाटला.

बिरादार खुर्चीत खचले. अध्यक्षांनी भाच्याचं बघा म्हटलं होतं, महादेवप्पा पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, खुर्ची रिकामी होणार होती. हे सगळं त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, जणू ते ऐकून कुणाला दया येणार होती.

"एक कळत नाही," रईसा मॅडम म्हणाल्या. "शनिवार संध्याकाळपर्यंत वेळ होता. तुम्ही प्राध्यापक. यंत्राचा पकडला जातोय म्हटल्यावर चोरीच करायची तर एवढा दीडशे ओळींचा प्रोग्रॅम त्या पोरासाठी स्वतः बसून लिहायचा. निदान या पोरीचा गळा वाचला असता. का नाही लिहिला?"

बिरादार खिशातला रुमाल शोधू लागले.

रईसा मॅडमनी भिंतीवरच्या सूचनांच्या फळ्याजवळचा खडू उचलला. "ऋतुजा, येळवसेचा नियम लिही फळ्यावर."

ऋतुजानं लिहायला घेतलं. मधे एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि अकरा ओळी पुऱ्या केल्या. सुदर्शनच्या खात्यातल्या छापील प्रतीत त्याच अकरा ओळी होत्या, तिच्या खोडलेल्या युक्तीसकट. मग मॅडमनी खडू सुदर्शनपुढं धरला. त्यानं मान खाली घातली. शेवटी त्यांनी तो बिरादारांपुढं धरला.

"आजकाल हातानं कोण लिहितं, मॅडम," बिरादार पुटपुटले. खडू त्यांनी घेतला नाही.

तेव्हा रईसा मॅडमना उत्तर मिळालं. माणूस दुष्ट असता तर राग आला असता. हा रिकामा होता. बारा वर्षं वर्गात उभा राहून शिकवत होता, आणि येत काही नव्हतं.

"सर, माझी वही?" ऋतुजानं विचारलं. सगळ्या वेळात तिनं विचारलेला हा एकच प्रश्न.

"शेतात... संध्याकाळी जाळ करतात, त्यात," बिरादार म्हणाले.

पोरगी तोवर रडली नव्हती. आता मात्र तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

७

निकाल लिहायला रईसा मॅडमना तासभर लागला. चौतीस वर्षांच्या सवयीची भाषा, मुद्देसूद, एकही शब्द जास्त नाही. कार्यालयातल्या कारकुनानं टाइप केला. मॅडमनी पिशवी उचलली. नांदेडची एसटी पाच वाजता होती.

तेवढ्यात प्राचार्य घाम पुसत आले. हातात एक कागद.

"मॅडम, राग मानू नका. आता विद्यापीठाला जाणारं प्रत्येक कागदपत्र सॉफ्टवेअरमधून काढावं लागतं. नियमच आहे. तुमचा अहवाल घातला, तर..."

त्यांनी कागद पुढं केला. एक्याण्णव टक्के यंत्र.

"हे पाठवलं तर तिकडं अडकेल. ऋतुजाचा निर्णय मग दोन-तीन महिने... तोवर हैदराबादवाले काही थांबत नाहीत. तुम्ही जरा भाषा बिघडवून द्याल का? चार-दोन चुका करून? म्हणजे माणसासारखं वाटेल."

रईसा मॅडमनी त्या माणसाकडं पाहिलं. सकाळपासून त्यांना वाटत होतं की किळसेचा तळ लागला. तळाखाली आणखी एक मजला होता. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडून गेलं होतं, फळ्यावर अकरा ओळी अजून पुसल्याही नव्हत्या, आणि हा गृहस्थ पुन्हा आकडा घेऊन उभा होता.

"साहेब, तुम्ही अहवाल वाचलात?"

"म्हणजे... चाळला."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कोरे कागद मागवले. प्राचार्यांना समोरच्या खुर्चीत बसवून त्यांच्या देखत सगळा अहवाल पुन्हा हातानं लिहून काढला, शब्दाला शब्द, एकही चूक न करता. प्रत्येक पानावर 'माझ्यासमक्ष लिहिले' अशी त्यांची सही घेतली. एसटी गेली. पुढची साडेसहाला होती.

"आता हे यंत्रात घालायचं नाही. वाचायचं."

प्राचार्य मनात वाचू लागले.

"मोठ्यानं," रईसा मॅडम म्हणाल्या. "ती बाहेर बाकावर बसलीय. तीन आठवड्यांत तिच्याबद्दलचा एक कागद या कॉलेजात कुणी वाचलेला नाही. तिला ऐकू जायला हवं."

महादेवप्पांनी घसा साफ केला. पहिलं पान त्यांनी कसंबसं रेटलं. दुसऱ्या पानावर वीस मिनिटांच्या पिवळ्या पाण्याचा मजकूर आला आणि ते थांबले. "हे तिनं स्वतः मोजलं?" त्यांनी विचारलं. घागर धरून, असं मॅडमनी सांगितलं. त्यानंतर त्यांचा आवाज आपोआप वर चढला. शेवटच्या ओळीशी आले तेव्हा भामाबाई झाडू टेकून दारात उभी होती आणि बाकावरून उठलेली ऋतुजा तिच्या मागं.

"...सबब सदर प्रोग्रॅम कुमारी ऋतुजा हिनेच लिहिलेला असून, प्रथम क्रमांक तिचा आहे."

"सायेब," भामाबाई म्हणाली, "तेवडंच आनिक एकदा वाचा की."

प्राचार्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.